गुणवत्तेचा नकाशा

सप्टेंबर 2022 मध्ये केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात मांडलेलं एक कारण मला अजून सलतं. युद्धामुळे युक्रेनहून परतलेल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना इथल्या महाविद्यालयांत सामावून घेता येणार नाही, हे सांगताना सरकार म्हणालं की ही मुलं बाहेर गेली ती 'नीट' या प्रवेश परीक्षेतली गुणवत्ता कमी पडली म्हणून किंवा इथली फी परवडली नाही म्हणून. फीचं कारण मराठवाड्यात परभणी जिल्ह्यातल्या मानवतसारख्या कापसाच्या गावाला समजावून सांगावं लागत नाही. खासगी महाविद्यालयात एका वर्षाचेच दहा लाखांच्या पुढे आणि बाहेर सगळा अभ्यासक्रम पंचवीस-तीस लाखांत, हा हिशेब इथल्या घराघरांत पाठ आहे. मला बोलायचंय ते गुणवत्तेबद्दल. ती कमी आहे असं परभणी जिल्ह्यातल्या मुलांबाबत म्हणताना, मापाची पट्टी सगळ्यांना सारखी होती का, हे कोणी विचारलंच नाही.

ती सारखी नव्हती. महाराष्ट्रात वैद्यकीय प्रवेशाला 70:30 चं सूत्र होतं. राज्याच्या वाट्यातल्या 70 टक्के जागा त्या-त्या विभागातल्या मुलांना, उरलेल्या 30 टक्के राज्यभरासाठी. ऐकायला हे न्यायाचं वाटतं. पण मराठवाड्यात महाविद्यालयंच मोजकी, आणि मुंबई-पुण्याचा 'उर्वरित महाराष्ट्र' त्यांनी भरलेला. साहजिकच मराठवाड्याचा कट-ऑफ चढा राहायचा. ज्या गुणांवर तिकडच्या मुलाला सरकारी जागा मिळे, त्याच गुणांवर मानवत, पाथरी, सेलूचा मुलगा यादीबाहेर राही. मराठवाड्यात लातूरच्या शिकवण्यांमुळे चुरसच जास्त, असं कोणी म्हणेल. मग तर ही मुलं कच्ची नव्हती, हेच सिद्ध होतं. हे सूत्र सप्टेंबर 2020 मध्ये रद्द झालं. युद्ध पेटलं तेव्हा तिसऱ्या-चौथ्या वर्षाला असलेली मुलं त्याआधीच्या प्रवेशाची. शिवाय 2018 पासून परदेशी जायलाही नीटची पात्रता सक्तीची झाली होती. म्हणजे देशाच्या परीक्षेत पात्र ठरलेली मुलं विभागाच्या रेषेवर अडली, आणि पुढे त्या रेषेलाच गुणवत्ता म्हटलं गेलं.

यावर ठरलेला आक्षेप एफएमजीईचा असतो. परदेशातून शिकून आलेल्यांची ही परीक्षा 300 गुणांची, उत्तीर्ण व्हायला 150 लागतात. जून 2023 मध्ये दहांतला जेमतेम एक उत्तीर्ण झाला. हा आकडा मी लपवणार नाही. पण तो प्रवेशाच्या वेळच्या बुद्धीपेक्षा नंतरच्या शिक्षणाबद्दल जास्त सांगतो. वर्ग इंग्रजीत आणि रुग्ण तिथल्या भाषेत बोलणारा, अशा वॉर्डात विद्यार्थी हिस्ट्री काय घेणार? तरी ही परीक्षा सोपी करा, असं मी म्हणणार नाही. मानवतच्या रुग्णालाही मुंबईच्या रुग्णाइतकाच शिकलेला डॉक्टर हवा. मात्र गुणवत्ता बाहेर पडताना मोजायची असेल तर सगळ्यांचीच मोजा. देशातल्या आणि परदेशातल्या पदवीधरांसाठी एकच 'नेक्स्ट' परीक्षा 2019 च्या कायद्यात लिहिली गेली, ती अजून सुरू झालेली नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. युक्रेनहून आलेल्यांना थेट जागा दिल्या असत्या, तर तेवढेच गुण मिळवून गावातच थांबलेल्या, पुन्हा नीट देत बसलेल्या मुलांनी काय करायचं? याला माझ्याकडे उत्तर नाही. उलट विचार करताना मलाही वाटतं की सरसकट जागा देणं चूकच ठरलं असतं. मार्च 2023 मध्ये शेवटच्या वर्षाच्या मुलांना प्रवेशाविना एमबीबीएसची अंतिम परीक्षा दोनदा देण्याची मुभा आणि उत्तीर्ण झाल्यावर दोन वर्षांची इंटर्नशिप, असा मार्ग निघाला. तो मला योग्यच वाटतो. म्हणजे निर्णयाशी माझं फारसं भांडण नाही, आणि तरीही 'गुणवत्ता' हा शब्द सलायचा थांबत नाही.

परभणीत 2023 पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, पण म्हणून बाहेर जाणं थांबेल असं नाही. जाणाऱ्यांनी एजंटच्या कागदाआधी परदेशी वैद्यकीय पदवीसाठीचे नोव्हेंबर 2021 चे नियम वाचावेत: किमान 54 महिन्यांचं शिक्षण इंग्रजीतून, त्याच संस्थेत 12 महिन्यांची इंटर्नशिप आणि त्या देशात प्रॅक्टिस करता येईल अशी पदवी. यातलं एक जरी हुकलं तरी पुढे भारतात नोंदणी होत नाही. जमीन विकण्याआधी एवढं पाहावंच. आणि इतकं पाहून गेलेल्या मुलाला पुन्हा कोणी कमी गुणवत्तेचा म्हणालं, तर आधी त्या म्हणणाऱ्याला जिल्ह्याचं नाव विचारावं.