बावन्न गुणांची गरिबी

२००२ सालच्या दारिद्र्यरेषेच्या सर्वेक्षणात १३ प्रश्न होते. प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण ५२. जितके गुण कमी, तितकं कुटुंब गरीब. आयुष्यात कधी शाळेचं तोंड न पाहिलेल्यांची पहिली परीक्षा हीच, आणि तीही अशी की नापास होण्यातच फायदा.

ग्रामसेवक नाहीतर गुरुजी कागद घेऊन ओट्यावर बसायचे. जमीन किती, घर कसलं, दोन वेळचं पोटाला मिळतं का, कर्ज कुणाचं, कामासाठी गाव सोडावं लागतं का. घरात माणशी कपडे किती, हाही एक प्रश्न होता. तो आला की बाया आधी हसायच्या, मग खाली बघून सांगायच्या, ‘दोन लुगडी. एक अंगावर, एक वळणीवर.’ टीव्ही, पंखा, कुकर यांचेही गुण असायचे. त्यामुळे गुरुजी गल्लीच्या तोंडाशी दिसले की लेकीच्या सासरहून आलेला कुकर कणगीमागं जायचा. गल्लीला ते ठाऊक असायचं आणि गुरुजींनाही.

मग यादी चावडीवर लागायची. ती पक्की व्हायला पुढं काही वर्षं गेली, कारण प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं होतं. गावातली भांडणं मात्र त्याची वाट बघत थांबली नाहीत. ‘त्याच्या घरी दोन म्हशी, त्याचं नाव लागलं, आमचं कट कसं झालं?’ हा सवाल ग्रामसभेत उभं राहून, बोट दाखवून विचारता यायचा.

त्या यादीचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. वाड्यातली माणसं तिच्यात सापडायची, आणि गावाबाहेरच्या पारधी पिढीवर, म्हणजे पारध्यांच्या वस्तीवर, कागद घेऊन कुणी सहसा फिरकायचं नाही. पिवळं कार्ड कुणाच्या ओळखीनं मिळालं, हे अख्ख्या गावाला तोंडपाठ असायचं. पण अन्याय करणारा माणूस समोर होता, त्याला शिव्या तरी घालता येत होत्या.

जिल्ह्याचं मागासपण मोजायची तऱ्हाही तेव्हा निराळी होती. आधी पैसेवारी: पीक ५० पैशांच्या आत आलं की टंचाई. मग १९८४ च्या दांडेकर समितीनं अनुशेष मोजला, म्हणजे सिंचन किती कमी, रस्ते किती कमी आणि ते भरून काढायला किती कोटी लागतील. त्या हिशेबात मराठवाडा होता. आमच्या परंडा तालुक्यातल्या अंगणवाडीच्या पोराचं वजन कुठं नव्हतं.

आता ते आहे. जानेवारी २०१८ मध्ये नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या कार्यक्रमात महाराष्ट्रातले चार जिल्हे आले: नंदुरबार, गडचिरोली, वाशीम आणि आमचा, तेव्हाचा उस्मानाबाद. ४९ निर्देशक. आरोग्य-पोषणाला ३० टक्के भार, शिक्षणाला ३०, शेती-पाण्याला २०, उरलेले २० वित्तीय समावेशन-कौशल्य आणि पायाभूत सुविधांत वाटलेले. जिल्ह्यांची क्रमवारी महिन्याच्या महिन्याला लागू लागली. जे वजन अंगणवाडीच्या पत्र्याच्या पेटीतल्या रजिस्टरात पडून असायचं, ते जिल्हाधिकाऱ्यांच्या बैठकीत बोललं जाऊ लागलं. हा फरक लहान नाही, आणि जुन्या आठवणींत रमणाऱ्यांनी तो आधी कबूल करावा. ओझं मात्र अंगणवाडीच्या ताईंवर पडलं. २०२१ मध्ये राज्यभरातल्या अंगणवाडी सेविकांनी निकृष्ट म्हणून सरकारी मोबाइल परत केले, कारण नोंदी भरायचं ॲप त्यांवर धड चालत नव्हतं.

आकडे आले, पण ते किती खोल जातात? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनं २०१५-१६ च्या फेरीत पहिल्यांदा जिल्हानिहाय आकडे दिले. नीती आयोगाचा बहुआयामी दारिद्र्य निर्देशांक याच पाहणीवर उभा आहे. तिच्यात एका जिल्ह्यातली साधारण नऊशे घरं येतात. आमच्याकडं सातशेहून अधिक गावं, आठ तालुके. तुळजापूरला देवीमुळं चार पैसे फिरतात, उमरग्याला महामार्ग आहे. भूम, परंडा, वाशी म्हणजे बालाघाटच्या कडेचा कोरडवाहू पट्टा. नऊशे घरांच्या सरासरीत हे सगळं एकाच ताटात कालवलं जातं. गावागावापर्यंत पोचलेली मोजणी म्हणजे २०११ ची सामाजिक-आर्थिक जातगणना, आणि पुढं आयुष्मान भारतची यादी तिच्यावरूनच निघाली. त्यानंतर वेगळी चूल मांडलेल्या पोराचं कुटुंब तिच्यात कुठून असणार? घरकुलासाठी म्हणून मग अशा सुटलेल्यांची ‘ड’ यादी आली. मोडक्या घरासमोर उभं राहून फोटो काढायचा आणि तो वर पाठवायचा. ‘वरून कट झालं’ एवढंच उत्तर मिळालं, तर भांडायचं कुणाशी?

आणि उभं राहायला माणूस घरी तर हवा. दसरा झाला की कळंब-वाशी-भूम-परंड्याच्या टोळ्या उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊसतोडीला जातात. लेकरंही सोबत. डिसेंबरात मोजायला आलेल्या माणसाला दाराला कुलूप दिसतं. सगळ्यांत आधी मोजायला हवं ते घर असं हातचं निसटतं. २००२ च्या तेरा प्रश्नांत स्थलांतराचा एक प्रश्न होता, हे आठवलं की जुन्या कागदाबद्दल थोडा आदर वाटतो.

गावाचे आकडे आता गावातच तयार होतात: ताईच्या फोनवर, शाळेच्या हजेरीत, आरोग्य उपकेंद्रात. ते वर जातात, पण खाली कुणी वाचून दाखवत नाही. ग्रामसभेत वाचले, तर कुणाचं लेकरू वजनात बसलं नाही आणि कुणाचं मोजलंच नाही, हे बाया तिथल्या तिथं सांगतील. फक्त तारीख बघून वाचावेत. २६ जानेवारीच्या सभेला टोळ्या फडात असतात. १ मेच्या सभेला बहुतेक जण परतलेले असतात, आणि ती सभा पाणंद रस्त्याच्या वादातच उरकते.