खळ्यातला लाल डाग

मैत्रिणींनो, गळका नळ, गळका कुकर यांवरचे उपाय आपण पुष्कळ वाचतो. आज मी गळक्या मोटारीचं सांगणार आहे. हसू नका हं! नाट्यासारख्या गावी घरातले पुरुष मुंबईला असले, की गाडीही आपल्यालाच सांभाळावी लागते.

एके सकाळी सासूबाई खळ्यातून ओरडल्या, “काय गो, आगळ सांडलंस?” पाहते तर गाडीच्या पुढच्या चाकाजवळ लालसर डाग. यांना फोन केला, तर म्हणाले, “एसीचं पाणी असेल.” पण पाणी वाळून जातं; हे बोटाला तेलकट लागत होतं.

आमची गाडी जुनी. हल्लीच्या बहुतेक लहान गाड्यांत चाक वळवायला विजेची मोटर मदत करते. जुन्या पॉवर स्टेअरिंगमध्ये मात्र इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा पंप तेल दाबून ते काम करतो. बॉनेट उघडून त्या तेलाची डबी पाहिली. तेल खालच्या खुणेच्याही खाली! बाटली आणली, ओतलं. आठ दिवसांनी पुन्हा ओतलं, मग चार दिवसांनी. खरं सांगू? गॅरेजच्या बिलाची धास्ती, दुसरं काय!

मग सासूबाईंचे डोळे दाखवायला अणुस्कुरा घाटाने कोल्हापूरला जायचं ठरलं. आदल्या दिवशी गाडी वळवताना घूंऽऽ असा आवाज आला आणि चाक जड झालं. अंगावर काटा आला. तेल संपलं तरी चाक वळतं, पण फार जोर लावावा लागतो. घाटातल्या वळणावर समोरून ट्रक आला असता तर? शिवाय तेच तेल पंपाचं वंगण. कोरडा फिरला तर पंपही जातो.

सासूबाई शांतपणे म्हणाल्या, “घागर गळत असली तर डाग लावून आणतात गो, नुसती भरत नाहीत बसत.” डॉक्टरांची तारीख पुढे ढकलली.

रात्री गाडीखाली जुना पुठ्ठा अंथरला. सकाळी थेंब कुठे पडलेत ते कळलं. वरचे पाइप फडक्याने कोरडे पुसले, पुतण्याला चाक दोन्हीकडे वळवायला सांगितलं आणि टॉर्च धरला. (पदर, वेणी आणि हात पट्ट्यापासून दूर ठेवा, बरं का!) डबीकडे तेल परत आणणाऱ्या रबरी पाइपाच्या तोंडाशी ओल दिसली. खाऱ्या हवेने क्लिप गंजली होती, रबराला चिरा पडल्या होत्या.

मेस्त्रीला बोलावून नेमकी जागा दाखवली. त्याने तेलाला टिकणारा पाइप आणि नवी क्लिप बसवली. पाण्याचा साधा पाइप इथे चालत नाही. गाडीच्या पुस्तकात सांगितलेलंच तेल भरलं. मग पुढची चाकं जॅकवर उचलून, इंजिन बंद ठेवून, स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश पंधरा-वीस वेळा फिरवलं, म्हणजे आत शिरलेली हवा निघते. तेलात फेस दिसेनासा झाल्यावर इंजिन चालू करून पुन्हा तेच. टोकाला चाक दाबून धरून ठेवू नये. पंपावर ताण येतो.

एक लक्षात ठेवा. परतीच्या पाइपात दाब कमी असतो. पंपाकडून निघणाऱ्या पाइपात तो फार असतो, तिथली गळती मेस्त्रीवरच सोपवा. आणि ब्रेकचं तेल या डबीत चुकूनही ओतू नका.

दोन रात्री पुठ्ठा कोरडा राहिला, तेव्हाच आम्ही घाट चढलो. वळणावर चाक कसं अलगद फिरलं! शेजारी बसलेल्या सासूबाई खुशाल डुलक्या काढत होत्या.

तेव्हा मैत्रिणींनो, डबी वरचेवर भरावी लागत असेल, तर बाटली खाली ठेवा आणि आधी पुठ्ठा अंथरा.