एक पाऊल मागे

आवडत्या कलावंतास प्रत्यक्ष पाहण्याचा योग आयुष्यात वारंवार येत नाही. डेव्हिड बर्न यांचे गाणे आम्ही कॉलेजच्या दिवसांपासून ऐकत आलो. १९५२ साली स्कॉटलंडमध्ये जन्मून अमेरिकेत वाढलेल्या या गृहस्थांनी ‘टॉकिंग हेड्स’ या आपल्या बँडमधून लोकप्रिय संगीतास आफ्रिकी ताल आणि विक्षिप्त विनोद यांची जोड दिली. २०१२ च्या सप्टेंबरात कामानिमित्त न्यूयॉर्कला जाणे झाले, तेव्हा बीकन थिएटरात त्यांचे दर्शन घडले. सोबत होत्या ॲनी क्लार्कबाई. रंगमंचावर त्यांचे नाव ‘सेंट व्हिन्सेंट’.

हे नाव वाचून आम्हांस प्रथम आपल्या धर्मग्रामातील संत विन्सेंट द पॉल सोसायटी आठवली, आणि ती आठवण अगदीच अस्थानी नव्हती. न्यूयॉर्कमध्ये धर्मभगिनींनी १८४९ साली या संताच्या नावे रुग्णालय उघडले होते. कवी डिलन टॉमस यांनी १९५३ मध्ये तेथेच प्राण सोडला. निक केव्ह यांच्या एका गाण्यात त्याचा उल्लेख येतो आणि त्यावरूनच बाईंनी हे नाव घेतले. ते रुग्णालय २०१० मध्ये बंद झाले. नाव मात्र असे गात राहिले.

या दोघांच्या सहकार्याचा उगमही एका सेवाकार्यातच आहे. बेघर आणि एड्सग्रस्तांसाठी चालविलेल्या एका पुस्तकांच्या दुकानात त्यांनी कार्यक्रम करावा, अशी सूचना आली होती. जागा लहान, तेथे मोठे ध्वनिवर्धक कशाला? म्हणून बाईंनी पितळी वाद्यांची कल्पना काढली. पुढे एकमेकांस सुरांचे तुकडे धाडीत बारा गाण्यांचा संग्रह सिद्ध झाला.

त्या रात्री आठ वादक तुताऱ्या, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन आणि अंगाभोवती वेटोळे घातलेला सोसाफोन घेऊन रंगमंचावर चालत, वळत, रांगा मोडीत आणि पुन्हा जुळवीत होते. फेस्ताच्या मिरवणुकीतील बँडमागून लहानपणी धावलेल्या आमच्यासारख्यांस तो आवाज परका कसा वाटावा?

परंतु मनावर कोरले गेले ते वेगळेच. बर्न साठ वर्षांचे, बाई तिशीच्या उंबरठ्यावर. बाईंचे स्वतःचे गाणे सुरू झाले की हे पांढऱ्या केसांचे नामवंत गृहस्थ मुकाट्याने मागे सरत आणि वादकांच्या रांगेत उभे राहून त्यांच्याबरोबरच पावले टाकीत. चेहऱ्यावर उपकाराचा भाव नाही. उलट मुलासारखा आनंद.

वाचकहो, टाळ्या वाजवताना आमचे हात जड झाले. अठरा वर्षे आम्ही आमच्या चर्चमधील गायनमंडळाचे प्रमुखपद सांभाळीत होतो. प्रवासास निघण्यापूर्वी मंडळातील एका तरुण मुलीने नाताळच्या मिस्सासाठी स्वतः बांधलेली चाल आणून दाखविली होती. चाल चांगली होती; ते आम्हांस तेव्हाच कळले होते. तरीही “अजून शिक, मग पाहू,” असे सांगून आम्ही वही मिटली होती. ती उत्तर न देता निघून गेली आणि पुढच्या सरावास आली नाही.

येणाऱ्यास वाट करून देऊन स्वतः लहान होण्यात बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने आनंद मानला, हे आगमनकाळात आम्ही दरवर्षी ऐकतो. ऐकतो आणि पेटीपुढची खुर्ची सोडत नाही!

परत येताच आम्ही तिच्या घरी गेलो. क्षमा मागणे सोपे नव्हते. तिच्या आईने चहा पुढे केला, म्हणून निभावले. त्या नाताळला पेटीपुढे ती बसली आणि आम्ही मागच्या रांगेत खर्जात गायलो. तिची लय आमच्या मते थोडी जलद होती. आम्ही बोललो नाही. तिसऱ्या कडव्यापर्यंत तर आम्हांसच तिची लय साधू लागली होती.