एका कागदावर आठ चेहरे

काही वस्तूंचे महत्त्व त्यांच्या आकारावरून ठरत नाही. पासपोर्टसाठी लागणारे छायाचित्र ही त्यांपैकीच एक. रुंदी साडेतीन सेंटिमीटर आणि उंची साडेचार सेंटिमीटर. काड्यापेटीच्या पाठीवर सहज मावेल एवढे. २०२५ च्या पावसाळ्यात एवढ्याशा चौकटीने आमच्या पालघरच्या घरात चार दिवस जो गोंधळ मांडला, त्याची ही हकीकत. वाचकांपैकी ज्यांची मुले परदेशी आहेत, त्यांना ती परकी वाटणार नाही.

आमची मुलगी जर्मनीत परिचारिका आहे. जावईही तिकडेच. जाण्यापूर्वी ते तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात नोकरीला होते. त्यांचे आईवडील आजही बोईसरला राहतात. पहिले बाळंतपण माहेरी व्हावे म्हणून मुलगी पालघरला आली आणि जून महिन्यात आम्हाला नात झाली. बारसे, बाप्तिस्मा, पाहुण्यांची वर्दळ यांत दिवस कसे गेले ते कळले नाही. मग एका सकाळी मुलगी म्हणाली, “पपा, आता बाळाच्या पासपोर्टचं बघायला हवं.” त्या वाक्यासरशी घरात काहीतरी थांबल्यासारखे झाले. ती परत जाणार हे आम्हाला ठाऊक होते. परंतु बाळही जाणार, ही गोष्ट तोवर कोणी उच्चारली नव्हती.

आता मोठ्या माणसांना पासपोर्टसाठी छायाचित्र नेण्याची गरज उरलेली नाही. पासपोर्ट सेवा केंद्रात खुर्चीवर बसवून तेथलाच कॅमेरा चेहरा टिपतो. चार वर्षांखालील मुलांचे मात्र तसे नाही. त्यांचे छायाचित्र घरूनच न्यावे लागते: रंगीत, मागे पांढरी पार्श्वभूमी. आमची नात दोन महिन्यांची. तिला छत्रीत गुंडाळून भर पावसात स्टुडिओत न्यायचे, तिथल्या झगझगीत दिव्यांखाली धरायचे, या कल्पनेनेच तिच्या आजीने नकार दिला. “तुमच्याकडे तो प्रिंटर धूळ खात पडलाय ना? घरीच काढा की,” असे फर्मान सुटले आणि आम्ही वयाच्या पासष्टाव्या वर्षी छायाचित्रकार झालो.

खरे सांगायचे तर, आम्ही ओळखत होतो तो स्टुडिओही आता राहिलेला नाही. १९८६ साली कुवेतला नोकरीसाठी जाताना पालघर स्टेशनजवळच्या त्याच स्टुडिओत आम्ही पासपोर्टचे छायाचित्र काढले होते. काळ्या पडद्याआड कंगवा आणि आरसा, समोर दोन मोठे दिवे, आणि हनुवटीला दोन बोटे लावून आमचे डोके सरळ करणारे वयस्क छायाचित्रकार. ते म्हणाले होते, “हसू नका, पण रागावूही नका.” तीन दिवसांनी लहानशा कागदी पाकिटात कृष्णधवल प्रती मिळाल्या. शेजारच्या खुर्चीवर बसलेली आमची आई ते पाकीट कितीतरी वेळ हातात धरून होती. त्या दिवशी तिला काय वाटले असेल, हे विचारण्याचे आम्हाला तेव्हा सुचले नाही.

घरचे काम सोपे वाटले होते, ते तसे नव्हते. पहिला प्रश्न बाळाला बसवण्याचा. दोन महिन्यांचे मूल बसत नाही, मान धरत नाही. आणि छायाचित्रात दुसऱ्याचा हात दिसता कामा नये. मुलीने तोड काढली. खिडकीजवळ गादी घालून तिच्यावर स्वच्छ पांढरी चादर ताणली, बाळाला उताणे निजवले आणि आम्ही स्टुलावर उभे राहून वरून मोबाइल रोखला. फ्लॅश बंद. पावसाळी दुपारचा मऊ उजेड खिडकीतून येत होता, त्याने सावली पडेना. परंतु बाळाचे डोळे उघडे असतील तेव्हा तोंडही उघडे, आणि तोंड मिटले की डोळेही मिटलेले! आजी खुळखुळा वाजवी, मावशी टाळ्या वाजवी, आम्ही स्टुलावर तोल सावरीत असू. तिसऱ्या दिवशी पोट भरल्यावर ती एकाएकी शांत झाली आणि सरळ आमच्याकडे पाहू लागली. तेवढ्यात चित्र टिपले गेले.

रात्री संगणकावर ते मोठे करून पाहिले, तेव्हा मुलगी दचकून म्हणाली, “पपा, हिचं लासं कुठं गेलं?” नातीच्या डाव्या भुवईवर तांदळाएवढे तांबूस लासे आहे. आमच्या आईलाही तेथेच होते. मोबाइलच्या कॅमेऱ्यात चेहरा गुळगुळीत करण्याची सोय आपोआप चालू होती. तिने ते डाग समजून पुसून टाकले होते. आम्ही म्हणालो, “राहू दे, छान दिसते आहे.” मुलगी म्हणाली, “छान दिसते, पण ही आपली बाळ नाही.” ती बरोबर होती. ओळखीच्या छायाचित्रात चेहऱ्याला हात लावायचा नसतो, हा नियमही आहे आणि त्यामागे शहाणपणही आहे. ती सोय बंद करून चौथ्या दिवशी पुन्हा गादी, पुन्हा चादर, पुन्हा खुळखुळा.

पुढचा भाग मोजमापाचा. आम्ही कारखान्यात जन्म घालवला असल्याने तो आमच्या आवडीचा. छपाईसाठी एका इंचात ३०० ठिपके धरले, तर साडेतीन सेंटिमीटर रुंदीला ४१३ आणि साडेचार सेंटिमीटर उंचीला ५३१ ठिपके लागतात. चार बाय सहा इंची चकचकीत कागदावर अशी छायाचित्रे एका ओळीत चार, अशा दोन ओळी, म्हणजे नेमकी आठ बसतात. युरोपातील शेंगेन देशांच्या व्हिसालाही हेच माप चालते. मात्र तेथे हनुवटीपासून डोक्याच्या टोकापर्यंतचे अंतर ३२ ते ३६ मिलिमीटर असावे लागते. अमेरिकेचा व्हिसा असता, तर दोन इंचांचा चौकोन करावा लागला असता. हा हिशेब करून आम्ही मोठ्या विश्वासाने छपाईचे बटण दाबले. कागद बाहेर आला. पट्टी लावून पाहिले, तर रुंदी ३७ मिलिमीटर! प्रिंटरने चित्र “पानाला बसेल असे” वाढवले होते. ‘मूळ आकार, शंभर टक्के’ हा पर्याय निवडायचा असतो, हे एक कागद वाया घालवल्यावर कळले. दुसरा कागद उलट्या बाजूने घातला गेला, त्यावर शाई ओघळली. तिसरा नीट आला, पण वाळण्याआधीच आम्ही बोट लावले आणि नातीच्या कपाळावर आमच्या अंगठ्याचा ठसा उमटला. चौथा कागद साधला. तो रात्रभर पंख्यापासून दूर वाळत ठेवला आणि सकाळी पोलादी पट्टी व धारदार पाते घेऊन आठही छायाचित्रे कापली. स्टुडिओवाल्याने घेतले असते त्याहून अधिक पैशांची शाई आणि कागद आम्ही चुकांत घालवले. तेव्हा काटकसरीसाठी कोणी हा उद्योग करू नये, असे प्रामाणिकपणे सांगतो.

कापताना मनात आले की, पासपोर्टवर माणसाचा चेहरा आला तो मुळात अविश्वासातून. पहिल्या महायुद्धापूर्वी सहसा त्यावर छायाचित्र नसे. फार तर कपाळ, नाक, हनुवटी यांचे शब्दांत वर्णन असे. १९१४ मध्ये कार्ल लोडी नावाचा जर्मन हेर एका अमेरिकन माणसाच्या पासपोर्टवर ब्रिटनमध्ये वावरला. तो पकडला गेला आणि त्या नोव्हेंबरात लंडनच्या टॉवरमध्ये त्याला गोळ्या घातल्या गेल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेने आणि १९१५ मध्ये ब्रिटनने पासपोर्टवर छायाचित्र सक्तीचे केले. सीमेवरचा पहारेकरी तेव्हापासून प्रत्येकाला जणू विचारीत आला आहे: तू खरोखर तोच आहेस का?

हा प्रश्न आम्हाला एकदा विचारला गेला आहे. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या. आमची नोकरी, खोली, बँकेतील पैसे सारे तेथेच राहिले. असंख्य भारतीयांप्रमाणे आम्हीही बसने इराकमार्गे जॉर्डनकडे निघालो. तेथील अम्मानहून भारत सरकारने एक लाखाहून अधिक माणसे विमानांनी मायदेशी आणली, हे सर्वश्रुत आहे. सीमेवर एका अधिकाऱ्याने आमचा पासपोर्ट उघडला. छायाचित्रातला तरुण भरल्या गालांचा, तुळतुळीत दाढी केलेला. समोर उभा असलेला माणूस दाढी वाढलेला, धुळीने माखलेला. त्याने दोनदा चित्राकडे पाहिले, दोनदा आमच्याकडे. ते चार-पाच क्षण आम्ही कधी विसरलो नाही. पालघरच्या स्टुडिओतील त्या वृद्धाने आमचे डोके सरळ केले होते, डोळे उघडे ठेवायला लावले होते, गालावरचा व्रण पेन्सिलीने झाकला नव्हता. अधिकाऱ्याने त्या व्रणावर बोट ठेवले, मान हलवली आणि शिक्का मारला. घरी पोहोचलो तेव्हा आईने प्रथम आमचा गाल चाचपला होता.

म्हणूनच नातीचे लासे परत आले, याचे आम्हाला इतके समाधान झाले. उद्या एखाद्या परक्या विमानतळावर कोणी तिच्याकडे आणि त्या कागदाकडे आळीपाळीने पाहील, तेव्हा भुवईवरची ती तांदळाएवढी खूण तिच्या बाजूने साक्ष देईल.

ठाण्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रात छायाचित्र एका दृष्टिक्षेपात मान्य झाले. चार दिवसांच्या आमच्या तपश्चर्येची तेथे कोणी विचारपूस केली नाही, हे थोडे लागले, पण ते योग्यच होते. अर्जाला आणि पुढे व्हिसाला लागली ती छायाचित्रे मुलीने घेतली. उरली चार. पुढल्या रविवारी मिस्सानंतर आम्ही उभयता गाडीने बोईसरला गेलो. मधे उमरोळी हे एकच स्टेशन. परंतु त्या दहा-बारा मिनिटांत आमच्या पत्नीने पाकीट तीनदा उघडून पाहिले. व्याह्यांना एक छायाचित्र दिले. ते तारापूरच्या अणुऊर्जा केंद्रातून निवृत्त झालेले, मितभाषी गृहस्थ. त्यांनी चष्मा काढला, छायाचित्र डोळ्यांजवळ धरले आणि म्हणाले, “आमच्याकडे पाहते आहे.” विहीणबाई काही न बोलता चहा करायला उठल्या.

ऑक्टोबरमध्ये मुलगी आणि नात गेल्या. लहान मुलाचा पासपोर्ट पाच वर्षांचा असतो. तो संपेल तेव्हा नात चार वर्षे ओलांडून गेलेली असेल. तिचे पुढचे छायाचित्र तिकडचा कोणी काढील, नाहीतर एखाद्या केंद्रातला कॅमेरा. आमच्या खिडकीपाशी, आमच्या चादरीवर काढलेले हे एकच. उरलेल्या तिघांपैकी एक पत्नीच्या प्रार्थनापुस्तकात आहे, एक आमच्या खिशात. तिसरे आम्ही १९८६ च्या आमच्या जुन्या, रद्द झालेल्या पासपोर्टात, त्या भरल्या गालांच्या तरुणासमोरच्या पानावर ठेवले आहे. दोघेही हसत नाहीत, आणि दोघेही रागावलेले नाहीत.

ती पांढरी चादर धुऊन, घडी घालून कपाटात ठेवलेली आहे. पत्नी ती पाहुण्यांना अंथरू देत नाही. आम्हीही मागत नाही.