झोपताना वाचायला काहीतरी द्या

तालुक्याच्या गावातल्या वाचनालयात देवघेवीच्या टेबलावर माझी बरीच वर्षं गेली. तिथं सर्वांत जास्त कानावर पडलेली मागणी म्हणजे, "ताई, रात्री झोपताना वाचायला काहीतरी चांगलं द्या." या मागणीला मी वर्षानुवर्षं चुकीची पुस्तकं दिली आणि तीही मोठ्या उत्साहानं. मला आवडलेलं पुस्तक समोरच्यालाही आवडेल, एवढाच माझा हिशेब असायचा. त्या माणसाची रात्र कशी जाते, हे विचारायला हवं होतं. ते मी विचारलंच नाही.

सकाळची शाळा असलेल्या एका बाईंना मी विश्वास पाटलांचं 'पानिपत' दिलं. 14 जानेवारी 1761 ला काय झालं हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी ते पुस्तक हातातून सुटत नाही. बाई आल्या तेव्हा डोळे तांबारलेले होते. म्हणाल्या, "दोन-दोन वाजेपर्यंत वाचत होते हो, पहिल्या तासाला जांभया आवरेनात." मला केवढा आनंद झाला! झोप उडाली ही मी पुस्तकाची थोरवी समजले आणि लगेच 'मृत्युंजय' काढून दिलं. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण, सहा जण आपापली बाजू सांगणारी कादंबरी. एकाचं ऐकून झालं की दुसऱ्याचं ऐकल्याशिवाय चैन पडत नाही. बाईंनी ती न वाचताच परत केली. "सुट्टीत नेईन," म्हणाल्या. त्यांनी मागितलं होतं पाठ टेकल्यावरच्या अर्ध्या तासाचं वाचन आणि मी देत होते मे महिन्याचं.

दुसरी चूक अगदीच हाताशी होती, रोज बोटांना लागत होती, तरी दिसली नाही. वाचनालयाची पुस्तकं टिकावीत म्हणून ती बाइंडरकडून शिवून, रेक्झिनची पाठ चढवून घेतात. पाठीजवळ घट्ट शिलाई बसते आणि आतला समास तिच्यात जातो. डाव्या पानावरचे ओळींच्या शेवटचे शब्द वाचायचे तर दोन्ही अंगठ्यांनी पुस्तक दाबून उघडं धरावं लागतं. टेबलाशी बसून वाचणाऱ्याला हे चालून जातं. पण संधिवातानं बोटं आखडलेल्या एका काकूंना मी असं पाचशेच्या वर पानांचं पुस्तक रात्री कुशीवर पडून वाचायला दिलं. त्यांनी पुस्तकाबद्दल चकार शब्द काढला नाही. पुढच्या वेळी फक्त म्हणाल्या, "एखादं हलकं दे गं." मी हलकं म्हणजे विनोदी समजले आणि तसलंच एक जाडजूड विनोदी पुस्तक त्यांच्या पिशवीत घातलं. त्यांना वजनाला हलकं हवं होतं, हे त्यांच्या सुनेनं येऊन सांगितलं तेव्हा कळलं.

मग मी ठरवलं की छोटं, सुटं सुटं द्यायचं. व्यंकटेश माडगूळकरांची 'माणदेशी माणसं' मला त्यासाठी नामी वाटली. एका बैठकीत एक माणूस वाचून संपतो. पण धर्मा रामोशीला दिलेलं धोतर शेवटी कुणाच्या अंगावर दिसतं, हे ज्यांनी वाचलंय त्यांना ठाऊक आहे की दिवा मालवल्यावर ती दोन-चार पानं केवढी होतात. ते पुस्तक प्रत्येकानं वाचावं असं मला आजही मनापासून वाटतं, पण दिवसा, कुणाशी तरी बोलता येईल अशा वेळी.

या सगळ्यापेक्षा जी चूक मला जास्त लागली, ती एका निवृत्त मास्तरांच्या बाबतीतली. त्यांच्या पत्नी अंथरुणाला खिळलेल्या होत्या आणि मास्तर त्यांना रोज रात्री वाचून दाखवत. "हिला प्रवासाची हौस होती, कुठं नेता आलं नाही. प्रवासाचं काही द्या," असं त्यांनी सांगितलं. मी गोडसे भटजींचं 'माझा प्रवास' दिलं. भटजी पेणजवळच्या वरसईचे, मास्तरांच्या पत्नीही त्याच बाजूच्या. मला वाटलं, छान जमलं. दक्षिणेच्या आशेनं उत्तरेकडे निघालेला कोकणातला गरीब भिक्षुक, वाटेतली गावं, मुक्काम, हे सगळं मला आठवत होतं. पण तो प्रवास 1857 चा आहे. भटजी झाशीत असतानाच इंग्रजांनी शहराला वेढा घातला आणि शहर पडल्यावर जी कत्तल झाली ती त्यांनी जवळून पाहिली. ती पानं मी कधीकाळी वाचलेली होती. देताना डोळ्यांसमोर आलं ते फक्त पुस्तकाचं नाव.

मास्तर पुस्तक घेऊन आले, टेबलावर ठेवलं आणि शांतपणे म्हणाले, "झाशीपाशी थांबलो. तिला रात्रभर डोळा लागला नाही." रागावले असते तर बरं झालं असतं. चूक माझी होती. चाळून पाहायला पाच मिनिटं लागली असती.

तेव्हा मी पहिल्यांदा विचारलं, की वहिनींना काय ऐकायला आवडतं? ते म्हणाले, "चिमणराव. टीव्हीवर लागायचे ना, दिलीप प्रभावळकरांचे." मी चिं. वि. जोशींचं 'चिमणरावांचं चऱ्हाट' काढून दिलं. ते लागू पडलं. आणि इथंच मी आणखी एकदा चुकले. मुदत संपल्यावर मास्तरांनी तेच पुस्तक पुन्हा मागितलं. मी म्हटलं, "अहो, हे झालंय की तुमचं, आता दुसरं देते," आणि नवंकोरं काहीतरी पुढे केलं. मास्तर भिडेखातर घेऊन गेले आणि दोनच दिवसांत परत आले. "पुढं काय होणार हे तिला माहीत असलं की बरं असतं. गुंड्याभाऊ काय करणार ते तीच आधी सांगते, आणि मग ऐकता ऐकता झोपते."

मी नेहमी नवं, न वाचलेलं देण्यात भूषण मानत आले होते. रात्रीच्या पुस्तकाकडून माणसाला बऱ्याचदा ओळखीचा आवाजच हवा असतो, हे मला त्यांनी शिकवलं. त्यांच्या कार्डावर मी त्या पुस्तकाचं नूतनीकरण मग न विचारता करत राहिले.

आता कुणी विचारलं तर आधी विचारते, एकटे वाचता की कुणाला ऐकवता? उठायचं किती वाजता असतं? मग बहुतेक वेळा दुर्गाबाईंचं 'ऋतुचक्र' देते. त्यात महिन्याचा एकेक लेख आहे आणि कुठल्याही परिच्छेदाशी थांबलं तरी काही अडत नाही. फुलं, झाडं, आभाळ उद्याही तिथंच असतं. घरात ऐकणारं माणूस असेल तर लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. त्यातही दुःख पुष्कळ आहे, पण लक्ष्मीबाई ते समोर बसून बोलल्यासारखं सांगतात आणि प्रसंग सुटे सुटे आहेत. देण्याआधी मात्र पुस्तक उघडून पाहते, शिलाई कितपत घट्ट आहे आणि एका हातात धरता येतं का. येत नसेल तर दुसरी प्रत शोधते.

त्या शाळेच्या बाईंनी रात्रीसाठी पुन्हा पुस्तक मागितलं नाही. येतात त्या मुलांसाठी गोष्टींची पुस्तकं न्यायला. 'ऋतुचक्र'ची पातळ, नीट उघडणारी प्रत मी त्यांच्यासाठी बाजूला काढून ठेवली आहे. या वेळी आल्या की आपणहून देणार आहे.