कोहादावरून दुकानाची पारख

गल्लीतलं सुशीचं दुकान बाहेरून फारसं काही सांगत नाही. सरकतं दार, त्यावर नोरेन नावाचा आखूड कापडी पडदा आणि पडदा लटकत असेल तर दुकान उघडं, एवढीच सूचना. आत आठ-दहा जणांचं काउंटर, मागे तातामीची छोटी बैठक, भिंतीवर माशांची नावं लिहिलेल्या लाकडी पट्ट्या. काही पट्ट्यांखाली किंमत असते, काहींखाली नुसतं ‘बाजारभावाने’. टोकियोत नवीन आलेला माणूस ते वाचून खिसा चाचपतो आणि नाक्यावरच्या फिरत्या पट्ट्याच्या सुशीकडे वळतो.

तो पट्टाही आता जुना झाला. ओसाकाजवळ योशिआकी शिराइशी यांनी बिअरच्या कारखान्यातली बाटल्यांची सरकती रांग पाहून ही कल्पना उचलली आणि १९५८ मध्ये पहिलं फिरत्या सुशीचं दुकान काढलं. आज एकीकडे अशा साखळी दुकानांचा पसारा आहे. दुसरीकडे गिन्झातली नामांकित काउंटरं आहेत. २०११ च्या माहितीपटाने ज्या सुशीवाल्या जिरो ओनो यांचं नाव जगभर पोहोचवलं, त्यांच्या दुकानाच्या जातीची. या दोन टोकांच्या मधे माची-झुशी, म्हणजे मोहल्ल्यातलं दुकान, तग धरून आहे. तिथे सुशी वळणाऱ्या मालकाला ताइशो म्हणतात. बायको चहा ओतते, हिशेब पाहते, नेहमीच्या गिऱ्हाइकांच्या पोराबाळांची चौकशी करते.

प्रस्तुत लेखक घरी हौसेने सुशी करतो. त्यामुळे अशा दुकानात त्याचा डोळा ताटापेक्षा ताइशोच्या हातांवर असतो. आणि मागवायची वेळ आली की तो लालभडक ट्यूना सोडून आधी कोहादा मागतो.

कोहादा हा चंदेरी कातडीचा, ठिपक्यांचा, काटेरी आणि स्वस्त मासा. माशाचा भाव वाढत्या आकाराबरोबर चढावा अशी आपली समजूत; याचं उलटं आहे. उन्हाळ्याच्या तोंडाशी येणारी बोटभर पिल्लं, म्हणजे शिंको, सर्वांत महाग. एका घासावर दोन-तीन, कधी आणखी पिल्लं बसवावी लागतात. जरा मोठा झाला की कोहादा, पुरता वाढला की कोनोशिरो, आणि तोवर भाव पार उतरलेला. कच्चा खाल्ला तर यात फारशी गंमत नाही. खवले काढून, पोटातून चिरून, उघडून तो मिठात ठेवायचा, धुवायचा, व्हिनेगरने खंगाळायचा, निथळवायचा, मग व्हिनेगरमध्ये मुरवायचा आणि त्यानंतरही विश्रांती द्यायची. मीठ किती वेळ, हे माशाच्या आकारावर, त्या दिवसांतल्या चरबीवर आणि हवेवर ठरतं. लोणचं घालणाऱ्या आजीला मिठाचं प्रमाण विचारलं तर ती ‘अंदाजाने’ म्हणते. ताइशोचं उत्तरही याहून वेगळं नसतं. अंदाज चुकला तर मासा एक तर खारट आणि कडक होतो किंवा वशाट राहतो.

ट्यूनाचा दर्जा बराचसा बाजारातच ठरतो. ज्याच्याकडे पैसे आणि ओळखीचा घाऊक व्यापारी आहे, त्याला तोयोसूच्या बाजारात चांगला तुकडा मिळतो. कोहादा मात्र दुकानाच्या मागच्या मोरीत घडतो. दुकान कसं आहे ते स्वस्त घासावर कळतं, ते यामुळे.

ही सगळी मुरवामुरव हौसेपोटी आलेली नाही. १८२० च्या दशकात एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, हाताने वळलेली निगिरी सुशी रूढ झाली. तिचं श्रेय सहसा हानाया योहेई यांना दिलं जातं. तेव्हा बर्फपेटी नव्हती. समोरच्या खाडीतला मासा टिकवायचा तर मीठ, व्हिनेगर, सोया सॉस किंवा चूल यांपैकी कशाचा तरी आधार घ्यावा लागे. ट्यूना सोया सॉसमध्ये बुडवून ठेवत. अनागो, म्हणजे खाऱ्या पाण्यातली वाम, शिजवून तिच्यावर आटवलेला गोडसर रस लावत. आंबट भात मिळाला तोही एका स्वस्त मालामुळे. नागोयाजवळच्या हांदा गावात माताझाएमोन नाकानो यांनी १८०४ पासून साके गाळून उरलेल्या चोथ्यापासून लालसर व्हिनेगर बनवायला घेतलं आणि ते जहाजांनी एदोत येऊ लागलं. जुन्या पद्धतीची सुशी आंबायला महिने लागत. बिवा सरोवराकाठची फुनाझुशी आजही तशीच करतात. एदोच्या घाईत असलेल्या कामकऱ्याला उभ्या उभ्या खाता येईल असा घास या व्हिनेगरमुळे शक्य झाला. घासही तेव्हा आजच्या दोन-तीन पट मोठा होता.

भाताला इथे शारी म्हणतात. तांदूळ नेहमीपेक्षा कमी पाण्यात शिजवून, गरम असतानाच बसक्या लाकडी पात्रात उपसतात, वर व्हिनेगर, मीठ, साखर यांचं मिश्रण ओततात आणि उलथन्याने कापत कापत हलवतात. ढवळला की त्याचा लगदा झालाच. मग पंख्याने वारा घालायचा. वाढताना शारी अंगाइतकी कोमट हवी. शीतपेटीतल्या भातातला स्टार्च पुन्हा घट्ट होतो. दुकानातल्या पाकीटबंद सुशीचा दाणा टचटचीत लागतो, त्याचं कारण हेच. पुण्यात असताना प्रस्तुत लेखक इंद्रायणी वापरायचा. मावळचा हा चिकट तांदूळ मुटका छान धरतो, पण दाणा लवकर मऊ पडतो, म्हणून पाणी आणखी बेताचं लागतं. घरी मासा कच्चा वापरायचा तर एक पथ्य आहे: अनिसाकिस नावाचा जंत व्हिनेगरने मरत नाही. उणे २० अंशांवर किमान २४ तास गोठवलं, तर मरतो.

ताइशो व्हिनेगरमिश्रित पाण्यात बोटं बुडवतो. डाव्या हातात माशाचा काप, त्यावर वसाबीचा ठिपका, उजव्या हाताने उचललेली शारी. एक उलटापालट, दोन-तीन दाब, आणि घास समोर. उचलताना तो फुटत नाही, तोंडात गेल्यावर दाणे मोकळे होतात. हाताने खाल्लं तरी चालतं, काड्यांनी खाल्लं तरी चालतं. सोया सॉस माशाच्या बाजूने लावावा, भात त्यात बुडवला की विरघळतो. घास समोर आला की खावा. गप्पांसाठी तो ताटकळत ठेवणं काही बरं दिसत नाही.

पाटीवरचं ‘एका माणसाचं’ ताट बहुधा दहाएक घासांचं असतं. त्यामागे टंचाईचा इतिहास आहे. युद्धानंतर १९४७ मध्ये अन्नटंचाईमुळे खाणावळींवर सरकारी बंधनं आली. टोकियोच्या सुशीवाल्यांनी वाट काढली: गिऱ्हाइकाने एक गो, म्हणजे सुमारे १५० ग्रॅम, तांदूळ आणायचा आणि त्याच्या बदल्यात मजुरी देऊन दहा घास न्यायचे. दुकान अन्न विकत नव्हतं, आलेला तांदूळ घडवून देत होतं. ही तोड इतर प्रांतांनीही उचलली आणि एदोची सुशी देशभर पसरायला तिचा मोठा हातभार लागला.

सुशीच्या गुंडाळीला लागणाऱ्या नोरीची कथा तर समुद्रापलीकडची आहे. हे समुद्री शेवाळ उन्हाळ्यात कुठे नाहीसं होतं हे शेतकऱ्यांना ठाऊक नव्हतं, त्यामुळे पीक नशिबावर असे. १९४९ मध्ये मँचेस्टरच्या कॅथलीन ड्रू-बेकर यांनी त्याचं दडलेलं रूप शिंपल्यांत सापडतं हे दाखवलं आणि बीज धरायची रीत हाती आली. त्या जपानला कधी गेल्या नाहीत, पण कुमामोतोतल्या उतो गावी त्यांचं स्मारक आहे आणि दर १४ एप्रिलला तिथे त्यांच्या नावाचा उत्सव होतो. टोकियोच्या खाडीतही कासाईच्या उथळ किनाऱ्यावर नोरी पिकत असे. पुढे तिथे भराव पडला. भारतीय कुटुंबांची दाट वस्ती असलेलं निशी-कासाई त्याच भागातलं. भारतात जन्मलेले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये एदोगावा प्रभागसभेवर निवडून आले, ते इथूनच.

अशा मोहल्ल्यांतून सुशीची दुकानं कमी होत चालली आहेत. ताइशो म्हातारे झाले, मुलं नोकरीला लागली. बारशा-मयताला लाखेच्या मोठ्या पात्रातून घरपोच सुशी मागवायची पद्धतही विरळ झाली. शारीचे मुटके पाडणारं यंत्र सुझुमो कंपनीने १९८१ मध्येच काढलं आणि साखळी दुकानांनी ते आपलंसं केलं.

निशी-कासाईत नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांना प्रस्तुत लेखकाचा सल्ला ठरलेला आहे. दुपारी जावं, तेव्हा ताटाची किंमत पाटीवर लिहिलेली असते. ‘नामी’ म्हणजे साधं, ‘जो’ म्हणजे त्याच्या वरचं. ते घेऊन मग कोहादा आणि अनागो सुटे मागावेत. मासा न खाणारं कुणी बरोबर असेल तर काकडीची काप्पामाकी आणि कानप्योची गुंडाळी आहेच. कानप्यो म्हणजे आपल्या दुधीच्याच जातीच्या भोपळ्याच्या वाळवलेल्या पट्ट्या, बहुतेक तोचिगी प्रांतातल्या, सोया सॉस आणि साखरेत शिजवलेल्या. त्या शिजवताना माशाचा अर्क घातला आहे का, एवढं मात्र ओकामींना, म्हणजे ताइशोंच्या पत्नींना, आधी विचारून घ्यावं.