भिंतीतलं पाणी आणि तीनशे रुपये



चातुर्मासात पाण्याबद्दल लिहायचं असं दर वर्षी ठरवते आणि दर वर्षी गाळणं, उकळलेलं पाणी, त्याची मर्यादा एवढ्यावरच थांबते. या वेळी प्लंबरबद्दल लिहिते आहे. हसू नका, शेवटी विषय तिथेच येतो.

आमच्या सांगलीच्या घरात पाणी अजून दुहेरी कापडातून गाळलं जातं. सासूबाई गाळून झाल्यावर जिवाणी विहिरीत परत सोडायच्या. आता विहीर नाही, अपार्टमेंट आहे, पण गाळणं सुटलेलं नाही. याच घरात, बाथरूमच्या भिंतीच्या आत, कितीतरी महिने न गाळलेलं पाणी रात्रंदिवस झिरपत होतं आणि मला त्याचा पत्ता नव्हता. खरं सांगायचं तर पत्ता लागला होता, मी मानत नव्हते.

खालच्या मजल्यावर आमच्या अक्का राहतात. वय ऐंशीच्या पुढे, एकट्या. गेल्या उन्हाळ्यात त्या म्हणाल्या, "अगं, माझ्या स्वयंपाकघराच्या छताला ओल आलीय. तुमच्या बाथरूमखालीच आहे बघ." मी जाऊन पाहिलं. ताटाएवढा डाग होता. मी म्हटलं, गच्चीचं पाणी भिंतीतून उतरत असेल. अक्का काही बोलल्या नाहीत. त्यांनी पिठाचा डबा तेवढा त्या कोपऱ्यातून हलवला.

मग आम्ही दोघं चार दिवस बाहुबलीला गेलो. घर बंद. परत आल्यावर अक्का म्हणाल्या, "तुम्ही नव्हता तरी ओल तशीच होती गं." मला तर आयताच मुद्दा मिळाला! मी म्हटलं, "बघा अक्का, चार दिवस आम्ही बाथरूम वापरलंच नाही, तरी ओल आहे. म्हणजे आमचं पाणी नाहीच ते." बोलताना माझा आवाज जरा चढलाच होता. अक्कांनी मान हलवली आणि आत गेल्या. त्यानंतर त्यांनी विषय काढला नाही, पण जिन्यात भेटल्या की पूर्वीसारख्या थांबेनाशा झाल्या.

पावसाळा आला तसा डाग पसरला, काळा झाला, त्यावर बुरशी धरली. आता बुरशी म्हणजे आपल्या दृष्टीने अनंत जीवांचा वास. खरवडावी तर हिंसा, ठेवावी तर रोज वाढणार. अक्का त्या छताखाली स्वयंपाक करेनात, गॅसची शेगडी बाहेरच्या खोलीत आणली. ते पाहिलं आणि मी प्लंबर बोलावला.

पहिला प्लंबर तरुण होता. मी दारातच विचारलं, "पाहायचे पैसे घेणार नाही ना?" तो म्हणाला, "नाही काकू." पाच मिनिटं टाइल्सवर ठोकून त्याने सांगितलं की सगळं बाथरूम फोडावं लागेल. खाली वॉटरप्रूफिंग, नवीन पाइप, नवीन टाइल्स, मालासकट ठोक पासष्ट हजार, निम्मे आधी. नक्की कुठे गळतंय, हे त्याने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. मी फक्त "काही कमी करणार का?" एवढंच विचारलं. साठवर आला.

हे म्हणाले, आणखी एकाला दाखवू. दुसरे मिस्त्री पन्नाशीच्या पुढचे. फोनवरच म्हणाले, "तपासायचे पाचशे होतील. काम माझ्याकडून करून घ्या नाहीतर दुसऱ्याकडून." मी म्हटलं, "नुसतं बघायचे पाचशे?" ते शांतपणे म्हणाले, "बघायलाच वेळ लागतो काकू. फोडायला काय, कुणीही फोडेल."

आल्यावर त्यांनी हातोडा काढलाच नाही. आधी खाली जाऊन छत पाहिलं, मग अक्कांना विचारलं, ओल कमी-जास्त होते का. अक्कांनी आमच्या बाहुबलीच्या चार दिवसांचं सांगितलं. मिस्त्री लगेच म्हणाले, "मग सांडपाण्याची लाइन नाही. नळाची लाइन आहे."

मी तिथेच उभी होते. त्यांनी मला समजावलं. आंघोळीचं पाणी वाहून नेणारी लाइन किंवा नहाणी ट्रॅप गळत असेल, तर वापर बंद केला की हळूहळू ओल कमी होते. पण नळाच्या पाइपात गच्चीवरच्या टाकीचा दाब चोवीस तास असतो. घराला कुलूप लावलं आणि मेन व्हॉल्व्ह बंद केला नाही, तर तो पाइप गळतच राहतो. म्हणजे जो मुद्दा मी अक्कांच्या तोंडावर मारला होता, तोच आमच्याविरुद्धचा पुरावा होता.

वर येऊन त्यांनी मेन व्हॉल्व्ह बंद केला. तो इतका जाम झाला होता की तेल घालून दहा मिनिटं फिरवावा लागला. मग एका नळाच्या जागी हातपंप आणि प्रेशर गेज लावून लाइनमध्ये दाब भरला. काटा हळूहळू खाली यायला लागला. लाइन गळतेय हे ठरलं. मग प्रत्येक अँगल कॉकच्या मागची स्टीलची चकती सरकवून आत कोरडा कागद खुपसला. फ्लशच्या टाकीच्या कॉकमागचा कागद ओला झाला. तिथली एकच टाइल काढली. भिंतीतल्या पाइपाला आणि कॉकला जोडणारं एक्स्टेन्शन निपल असतं, बोटाएवढा तुकडा, त्याला चीर गेली होती. लाइन पुन्हा चालू करून खाली वाटी धरली तर तासाभरात भरली. वाटी दीडशे मिलीची. मी लगेच हिशेब केला : दिवसाला साडेतीन लीटरच्या वर, महिन्याला शंभरच्या वर.

मिस्त्रींनी निपल माझ्या हातात दिलं. "हे पितळ नाही काकू. हलक्या धातूवर चकाकी चढवलीय. कुणी आणलं होतं?"

मीच आणलं होतं. तीन वर्षांपूर्वी कॉक बदलताना दुकानदाराने दोन निपलं दाखवली होती, एक एकशे ऐंशीचं, एक साठचं. दिसायला सारखीच. भिंतीत जाणार, कोण बघतंय, म्हणून मी साठचं घेतलं आणि बिलही मागितलं नाही.

आता बिल सांगते, कारण तुम्हाला तेच हवं असणार. भाव आमच्या गावचे आहेत, तुमच्याकडे वेगळे असतील, पण रचना पाहा.

तपासणी : ५००
मजुरी, मिस्त्री आणि मदतनीस, दोन खेपा : १,८००
माल (पितळी निपल २१०, अँगल कॉक ५१०, कनेक्शन पाइप २००, टेफ्लॉन टेप २०) : ९४०
टाइल, सिमेंट, ग्राउट : ३६०
एकूण : ३,६००

साठ हजारांच्या जागी छत्तीसशे! आणि मी काय केलं? तेहतीसशे दिले. "तपासणीचे पाचशे जरा जास्तच होतात, दोनशे धरा," म्हटलं. मिस्त्रींनी पैसे मोजले, हत्यारं पिशवीत भरली आणि गेले. त्या दिवशी मला वाटलं, तीनशे वाचले.

दशलक्षण पर्वात आमच्या मंदिरात रोज तत्त्वार्थसूत्राचा एक अध्याय वाचतात. सातव्या दिवशी सातवा अध्याय, व्रतांचा. दर वर्षी ऐकते. अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार आले. चोरीला प्रवृत्त करणं, चोरीचा माल घेणं, राज्याचा नियम मोडून व्यवहार करणं, मापात कमी-जास्त करणं आणि पाचवा प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे अस्सल म्हणून नक्कल खपवणं. इतकी वर्षं मला वाटायचं, हे दुकानदारांसाठी आहे. आपण गृहिणी, आपलं काय? त्या दिवशी डोळ्यांसमोर ते चकचकीत निपल आलं. खपवणारा दुकानदार असेल, पण स्वस्त पडतंय म्हणून डोळे मिटून घेणारी मी होते. बिनबिलाचा व्यवहारही माझ्याच सोयीचा होता. आणि ठरलेल्या पाचशेतले तीनशे काम झाल्यावर कापणं, हे मापात कमी देणं नाही तर काय? मी बी.कॉम. आहे. ठरलेलं देणं बुडवलं तर वहीत त्याला बचत म्हणत नाहीत.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींना फोन केला. ते संध्याकाळी येऊन तीनशे घेऊन गेले. मी क्षमा मागितली. ते फार काही बोलले नाहीत. "पुढच्या वेळी आधीच ठरवू काकू," एवढंच म्हणाले. मला ते लागलं, पण बरोबर होतं.

तर आधी काय ठरवायचं, हे मी आता वहीत लिहून ठेवलंय. तुम्हीही लिहा.

१. "किती घेणार?" हा पहिला प्रश्न नाही. "कुठे गळतंय आणि ते कशावरून?" हा पहिला प्रश्न. उत्तर मिळेपर्यंत टाइल फोडू देऊ नका.

२. तपासणीचे पैसे द्या. फुकट पाहणाऱ्यालाही घर चालवायचं असतं, मग त्याची कमाई फोडण्यातूनच व्हायची. मी त्या तरुण प्लंबरला दोष देत नाही, फुकटाची अट माझीच होती.

३. मजुरी हजेरीवर, पॉइंटवर की ठोक, ते विचारा. पॉइंटवर असेल तर एक पॉइंट म्हणजे काय काय, ते आधी लिहून घ्या. भांडणं इथेच होतात. टाइल बसवणं आणि राडारोडा उचलणं कुणाकडे, हेही लिहा.

४. माल कोण आणणार ते ठरवा. आपण आणला तर त्यांच्याकडून यादी घ्या. त्यांनी आणला तर दुकानाचं बिल मागा आणि त्यांच्या खेपेचे पैसे वेगळे द्या. आयएसआय खूण पाहा. पितळ हाताला जड लागतं. गीझरच्या गरम पाण्याला सीपीव्हीसी पाइप लागतो, साधा यूपीव्हीसी चालत नाही.

५. नवीन पाइप चिकटवल्यावर सोल्युशन वाळायला वेळ द्या, साधारण एक दिवस. मग दाब भरून तपासणी आणि त्यानंतरच टाइल्स. भिंत बुजवण्याआधी मोजपट्टी धरून फोटो काढून ठेवा. शेवटचा हप्ता तपासणीनंतर द्या, पण त्याच दिवशी द्या.

६. घरातला मेन व्हॉल्व्ह कुठे आहे ते सगळ्यांना दाखवा आणि महिन्यातून एकदा फिरवा. गावाला जाताना बंद करा.

७. सोसायटीत खर्च कुणाचा? गच्ची, बाहेरची भिंत आणि सामाईक पाइपांची गळती सोसायटीने दुरुस्त करायची, घरातल्या संडास, बाथरूम, सिंकची त्या सभासदाने, असं आपल्याकडच्या आदर्श उपविधींत आहे. म्हणजे अक्कांचं छत आमच्याकडेच होतं.

ते छत वाळायला दीड महिना लागला. मगच गिलावा आणि रंग केला, ओल्यावर केला असता तर पुन्हा निघाला असता. त्याचे चार हजार दोनशे आम्ही दिले. छत्तीसशे आणि बेचाळीसशे मिळून सात हजार आठशे. साठच्या निपलने वाचवले होते एकशे वीस. बरोबर पासष्ट पट!

क्षमावाणीला मी अक्कांकडे गेले, तेव्हा छत अजून वाळत होतं. दर वर्षी आम्ही जिन्यातच हात जोडून "उत्तम क्षमा" म्हणतो आणि पुढे जातो. या वेळी मी आत जाऊन बसले आणि बाहुबलीहून आल्यावर काय बोलले होते ते नाव घेऊन सांगितलं. अक्का म्हणाल्या, "मला ओलीचं काही नव्हतं गं. मी खोटं बोलतेय असं तुला वाटलं, त्याचं वाईट वाटलं." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी तशीच बसून राहिले. थोड्या वेळाने त्या उठल्या आणि बाहेरच्या खोलीतल्या शेगडीवर त्यांनी आम्हा दोघींसाठी दूध गरम केलं.

परवा शेगडी आत गेली. पिठाचा डबा अजून जुन्या जागी गेलेला नाही. अक्का म्हणतात, एक पावसाळा जाऊ दे, मग बघू. मी म्हटलं, बरोबर आहे.

जय जिनेंद्र.